जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळांना, घाटांना आणि विहिरींना लावण्याची रीत आहे. उज्जैनीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या तर तो लहानपणापासून कानी पडलेला असतो. महाकालेश्वराचे आजचे देवालय राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभे केले, ही गोष्ट आपल्या घरांतून आजही अभिमानाने सांगितली जाते. त्याच शतकात सवाई जयसिंहाने बांधलेली येथील वेधशाळा पुढे पडझडीस आली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिची दुरुस्ती करविली आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. या दुसऱ्या उदाहरणाचे आम्हांस विशेष वाटते ते एवढ्यासाठी, की तेथे केवळ भिंती लिंपून शोभा आणली गेली नाही. सम्राट यंत्राची सावली पुन्हा वेळ दाखवू लागली. ज्या कामासाठी वस्तू घडविली गेली ते काम ती पुन्हा करू लागली, म्हणजे जीर्णोद्धार पुरा झाला असे समजावे.

अशा थोर वास्तूंच्या पंक्तीस जुनी फटफटी नेऊन बसविणे कित्येकांस थट्टेचे वाटेल. परंतु माधव नगरात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या फ्रीगंजात, एका जुन्या बंगल्यामागील पत्र्याच्या शेडमध्ये गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी जे चालते, त्यास दुसरा शब्द आम्हांस सुचत नाही. जमणाऱ्या मंडळींत एक बँकेतून निवृत्त झालेले, एक दवाखाना चालविणारे, एक शाळेत गणित शिकविणारे आणि एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी. या सर्वांच्या मध्यभागी बाजेवर बसलेले असतात ते उस्ताद. उस्ताद मूळचे येथील एका कापडगिरणीतील जोडारी. उज्जैनीच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा त्यांनी दुचाकी दुरुस्तीचे लहानसे दुकान थाटले आणि त्यावर संसार उभा केला. आता दुकानही मुलाकडे सोपविले आहे. आमच्या शेडमध्ये बोलली जाणारी भाषा पुण्याच्या पाहुण्यांस मोठी गमतीची वाटते. पान्यास आम्ही पानाच म्हणतो, पण स्क्रू पिळावयाचा तो पेचकसाने, आणि लेथवर काम करावयाचे असले की भाग ‘खरादवाल्याकडे’ जातो. दोनशे-अडीचशे वर्षे माळव्यात राहिल्यावर मराठीने एवढे उसने घ्यावे, यात वावगे काय आहे?

आमच्या पिढीच्या आठवणीतील फटफट्या मुख्यतः तीन. पहिली बुलेट. ही मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. भारतीय सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० गाड्यांची मागणी केली, आणि १९५५ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे एन्फील्ड इंडियाचा कारखाना निघाला. पुढे रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, मूळ कंपनीही १९७० साली आटोपली, आणि ज्या देशाने हे तंत्र उसने घेतले होते त्यानेच १९७७ पासून बुलेट इंग्लंडास विकावयास आरंभ केला. दुसरी राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील गाडीच्या आराखड्यावरून बनविलेली ही १७५ सीसीची गाडी माळव्यातील दूधवाल्यांची कामधेनू होती. दोन्ही बाजूंस भरलेल्या कासंड्या टांगून ती खेड्यापाड्यांतून शहरात येत असे. तिचे एक लहान भावंड १९७३ सालच्या ‘बॉबी’ चित्रपटात झळकले व तरुणांत त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

तिसरी जावा. फ्रँटिशेक यानेचेक यांनी १९२९ साली प्राग येथे वाँडरर या जर्मन कंपनीचा आराखडा विकत घेतला, आणि स्वतःच्या व त्या कंपनीच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. आपल्याकडे म्हैसूर येथे रुस्तुम इराणी व फारूख इराणी यांनी आयडियल जावा कंपनी काढली, आणि १९६१ साली तेथे कारखाना सुरू झाला. १९७३ पासून तीच गाडी येझदी या नावाने येऊ लागली. १९९६ साली कारखान्याचे दरवाजे बंद झाले. २०१८ साली दुसऱ्या मंडळींनी जावा हे नाव पुन्हा बाजारात आणले, परंतु त्या गाड्यांचे अंतरंग सर्वस्वी नवे आहे.

जुन्या जावाची रचना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. २५० सीसीचे एकच सिलिंडर, व्यास ६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. पण धूर बाहेर जाण्यास नळ्या मात्र दोन, एक डावीकडे व एक उजवीकडे. किक मारावयाची आणि गिअर बदलावयाचा दांडा एकच. तो आत दाबून उभा केला की किक, आणि खाली पाडला की गिअर. गिअर बदलताना त्याच दांड्याच्या दाबाने क्लच आपोआप सुटतो. इंधनातच तेल मिसळावयाचे असल्याने ही गाडी निळसर धूर सोडीत जाते.

अशीच एक किरमिजी रंगाची जावा गेल्या वर्षी आमच्या शेडमध्ये आली. ती आमच्याच गल्लीतील एका काकूंच्या घरची. काका शिक्षक होते. त्यांनी ती १९६९ साली घेतली, सायकलीसारखी रोज वापरली, आणि ते गेल्यावर वीस वर्षे ती जिन्याखाली गोधडीच्या आड उभी होती. काकू आता एकट्या. मुलगा परदेशी, मुलगी पुण्यास. घर विकून मुलीकडे जाण्याचे ठरले होते आणि दिवाळीपूर्वी जागा मोकळी करून द्यावयाची होती. ‘भंगारवाल्याला देऊन टाक, आई,’ असे मुलाने दूरध्वनीवर सांगितले, आणि त्याच्या परीने त्याचे चूक नव्हते. इतक्या दुरून त्यास ती एक अडगळच दिसणार. काकूंनी आम्हांस बोलावून विचारले, ‘ही चालू होईल का रे? होणार असेल तर मुलीकडे नेईन. नसेल तर तसे स्पष्ट सांगा, म्हणजे माझा जीव अडकून राहायचा नाही.’

उस्तादांनी किकचा दांडा हाताने हलवून पाहिला. दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट धरला होता. ते म्हणाले, ‘वहिनी, सहा महिने द्या.’ हा ज्येष्ठ महिना होता. दिवाळीस सहा महिने नव्हते, पण तो हिशेब त्या वेळी कोणी काढला नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उस्तादांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आहे. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, असलेली टिकविण्यासाठी थेंब घालावे लागतात, एवढेच. त्यामुळे या कामास दोन मुदती होत्या. एक घराची, जी आम्हां सर्वांस ठाऊक होती, आणि एक उस्तादांच्या नजरेची, जिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नसे. विद्यार्थ्याने मात्र पहिल्याच रविवारी एक जाड वही आणली आणि उस्ताद जे सांगतील ते तो तीत टिपून घेऊ लागला.

जुने यंत्र उघडताना घाई करू नये, हा पहिला नियम. दट्ट्यावर डिझेल व पातळ तेल यांचे मिश्रण ओतून आम्ही आठ दिवस वाट पाहिली. गंजलेल्या बोल्टास पाना लावून जोर केला तर त्याचे डोके तुटते आणि मग भोक पाडून तो काढावा लागतो. त्यापेक्षा भोवतालचा भाग गरम करावा, तेल सोडावे आणि बोल्ट सोडण्यापूर्वी किंचित आवळावा. काढलेला प्रत्येक भाग निराळ्या डब्यात, त्यावर चिठ्ठी. श्रीखंडाचे रिकामे डबे कशास उपयोगी पडतात असे विचारणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींस यंदा उत्तर मिळाले.

टाकी आतून गंजलेली होती. तीत लिंबूसत्त्वाचे पाणी भरून, मूठभर लहान नट टाकून ती एक रात्र ठेवली, मधून मधून हलविली, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तत्काळ वाळविली आणि आतून तेलाचा हात दिला. वाचकांपैकी कोणी असे करणार असतील तर दोन सूचना. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तीत वाफ असते, म्हणून तिच्यावर घरी वेल्डिंग कधीही करू नये. आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हा धोका डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच सांगणे आवश्यक वाटले.

सिलिंडर खरादवाल्याकडे गेले. झिजलेले सिलिंडर थोडे मोठे कातून त्यास मोठ्या मापाचा दट्ट्या बसवितात. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक, अशा पायऱ्यांनी हे माप वाढते; नंतर भिंत पातळ होते व नवे अस्तर बसवावे लागते. काकांनी आपल्या हयातीत एकदाच हे काम करविले होते, असे मापावरून दिसले. अजून दोन आयुष्ये शिल्लक होती. दट्ट्या व रिंगा पुण्याच्या नाना पेठेतून आल्या, बेअरिंगे इंदूरहून. क्रँक मात्र दाबयंत्रावर उघडून पुन्हा सरळ बसवावा लागतो. ते काम उस्तादांनी आपल्या एका जुन्या शागिर्दाकडून, स्वतः शेजारी बसून, करवून घेतले. चाकांच्या तारा काढून, घासून पुन्हा विणल्या आणि रिमचा आऊट काढण्याचे काम विद्यार्थ्याने शिकून घेतले.

शिकविण्याची उस्तादांची रीत पाहण्यासारखी होती. प्लॅटिनम पॉइंटमधील फट ते पूर्वी डोळ्यांनी पाहून सांगत. आता त्यांनी विद्यार्थ्याच्या हातात फीलर गेज दिले व पाती फटीतून ओढावयास लावली. ‘लोण्यातून सुरी जाते तशी जाते का? मग फार सैल आहे. कापडातून सुई जाते तशी गेली पाहिजे,’ असे ते म्हणाले. शेडमध्येच उभ्या असलेल्या बुलेटवर त्यांनी टॅपेटचा धडा दिला. इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. वहीत हे सर्व उतरले. परंतु नट किती आवळला म्हणजे पुरे, हे वहीत कसे लिहावयाचे? तेथे उस्ताद विद्यार्थ्याच्या मुठीवर आपला हात ठेवीत आणि ‘बस’ म्हणत. अशा ‘बस’ शंभर-दीडशे झाल्या असतील. विद्या हस्तांतरित होते असे आपण सहज म्हणतो. त्या शब्दातील हस्त आम्हांस तेथे दिसला.

आश्विन लागता लागता मतभेदाचा प्रसंग आला. यंत्र सिद्ध झाले होते, प्रश्न रंगाचा होता. टाकीच्या दोन्ही बाजूंचा चकाकता मुलामा डागाळलेला, सोनेरी रेघा अर्धवट पुसलेल्या, आणि टाकीच्या माथ्यावर पुढच्या अंगास किरमिजी रंग झिजून आतील पत्रा दिसू लागलेला. विद्यार्थ्याचे म्हणणे, सर्व खरवडून कारखान्यातून आल्यासारखी गाडी करावी. प्रदर्शनात अशाच गाड्यांस बक्षिसे मिळतात. डॉक्टरांचे मत, रंग एकदाच मूळचा असतो, नवा कितीही वेळा देता येतो. दोन्ही बाजूंस तथ्य होते. चेन्नईस बुलेटच्या टाकीवरील रेघा हाताने ओढण्याची परंपरा आहे. तसा हात असलेला एक वृद्ध रंगारी आमच्या माहितीत तोपखान्यात होता, आणि त्यास काम मिळाले असते तर आम्हांसही आनंदच होता. शेवटी काकूंस विचारले. त्या शेडमध्ये आल्या, टाकीच्या झिजलेल्या जागेवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, ‘इथे माझी मुलगी बसायची. हे शाळेत सोडायला न्यायचे तेव्हा. नवा रंग दिलात तर गाडी दुकानातली होईल. मला घरातली हवी आहे.’

निर्णय झाला. मात्र चौकटीच्या बाबतीत उस्तादांनी कोणाचे ऐकले नाही. चौकट पूर्ण खरवडली, सांधे तपासले, आणि दोन ठिकाणी गंजाखाली दडलेल्या चिरा सापडल्या. त्या भरून, चौकटीस आणि मडगार्डांस नवा रंग दिला. मडगार्डांवरील रेघा तोपखान्यातील रंगाऱ्याने ओढल्या. टाकी फक्त पुसून मेण लावून ठेवली. आठवण जपावी, परंतु जिच्यावर माणूस बसणार आहे त्या वस्तूचा भार आठवणीवर टाकू नये, असा याचा अर्थ आम्ही घेतला.

आता कागदपत्रांविषयी, कारण पुष्कळ घरांतील जुन्या गाड्या यंत्रापेक्षा कागदांमुळे अडतात. वाहनमालक निवर्तल्यास वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे आणि तीन महिन्यांच्या आत ३१ क्रमांकाच्या नमुन्यात नाव बदलण्याचा अर्ज करावयाचा असतो. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर २५ क्रमांकाच्या नमुन्यात अर्ज करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र व तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. याशिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले आहेत. त्यांखालील नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क पडते, ती दहा वर्षे चालते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, परंतु अशी गाडी प्रदर्शन, फेरी, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. काकूंच्या मुलीस गाडी वापरावयाची होती, म्हणून तिने साधी नोंदणी पसंत केली. वीस वर्षांचा विलंब झाल्याने दंड भरावा लागला, पण काम झाले. उज्जैनीचा जुना क्रमांक पुण्यास गेल्यावर बदलणार, याची काकूंस थोडी खंत होती.

इंधनाचाही विचार करावा लागला. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषते आणि जुन्या पद्धतीचे रबर फुगविते. म्हणून आम्ही नळ्या व वायसर नव्या प्रकारचे बसविले, आणि मुलीस सांगितले, की गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

कोजागिरीनंतरच्या रविवारी पहिली किक मारली. ती विद्यार्थ्याने मारावी असे उस्तादांनी सांगितले. तिसऱ्या किकेस इंजिन बोलले. उस्ताद बाजेवर बसून मान तिरकी करून ऐकत होते. ‘हवेचा पेच पाव फेरा सोड,’ एवढेच ते म्हणाले, आणि आवाज सारखा झाला. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, ‘धूर पूर्वीसारखाच आहे का रे?’ आम्ही म्हणालो, तसाच आहे. त्या काही न बोलता आत गेल्या आणि सर्वांसाठी पोहे घेऊन आल्या. धनत्रयोदशीस तीन दिवस उरले असता, टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून, गाडी रेल्वेच्या पार्सलने पुण्यास रवाना झाली.

वही सध्या शेडमध्येच आहे. तिच्या दोन प्रती काढल्या असून एक उस्तादांच्या मुलाकडे दिली आहे. उस्तादांस आता कागदावरील अक्षर दिसत नाही, पण विद्यार्थी ती दर रविवारी वाचून दाखवितो आणि ते त्यात दुरुस्त्या सांगतात. पुढील काम एका राजदूतचे आहे.

आपल्या मराठी वस्त्यांतून, मग त्या इंदूरला असोत, ग्वाल्हेरला, बडोद्यास वा हैदराबादेस, घरे रिकामी होत आहेत आणि मुले दूर जात आहेत, हे कोणी थांबवू शकत नाही. परंतु घर रिकामे करताना जिन्याखाली काय उभे आहे ते एकवार पाहावे, त्याचे नोंदणीपुस्तक देवघरातील जुन्या कागदांत आहे का ते शोधावे, आणि भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी गावातील एखाद्या वृद्ध कारागिरास बोलावून आणावे. वस्तू वाचेल किंवा न वाचेल. पण त्या निमित्ताने त्याच्या हातातील विद्या कोणा तरुणाच्या हाती गेली, तर तेवढा जीर्णोद्धारही थोडका म्हणता येणार नाही.